नाईकांचे सुरुंग आणि माझी कळशी

सुनेच्या माहेराहून दर दिवाळीला एक जाड अंक येतो. त्यात कोणी वकील, कोणी स्टेशनमास्तर, कोणी डॉक्टर आपापल्या कामाच्या हकिकती लिहितात. ती मला वाचून दाखवते, कारण बारीक अक्षर आता मला लागत नाही. यंदा वाचता वाचता थांबून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही लिहा की. तुम्ही काय कमी काम केलं?" मी म्हटलं, मी काय केलं, मी तर नुसती बसून होते. यावर आम्ही दोघीही हसलो. माझं काम खरंच बसायचं होतं. वीस वर्षांच्या वर मी विहिरींजवळ बसून सुरुंगांचे आवाज ऐकले.

अंकाकडे काही पाठवायचं नाही, हे कबूल करून घेतल्यावरच लिहायला घेतलं आहे. मला चार माणसांत बोलायचा धीर नाही, मग छापायचा कुठला. माझी शाळा धुळ्याला चौथीपर्यंत झाली. तिथेही मी मागच्या बाकावर असे, आणि बाईंनी नाव पुकारलं तरी माझा 'हजर' बाईंपर्यंत पोचत नसे.

आमच्या घरधन्यांना सगळे नाईक म्हणतात. नाव घ्यायची मला सवय नाही, म्हणून मीही नाईकच लिहिते. हे आडनाव नव्हे, पलटणीतला हुद्दा आहे. खानदेशात लढाईवरून परत आलेल्या प्रत्येकाला लोक सुभेदार करून टाकतात. यांना कोणी सुभेदार म्हटलं की हे आपल्या खानदेशी बोलीत लगेच सांगत, "नाईक. सुभेदार लई लांब ऱ्हास."

पहिल्या मोठ्या लढाईत हे सफरमैना पलटणीत होते. या पलटणीच्या हातात बंदुकीपेक्षा कुदळ जास्त. पूल बांधायचे, खंदक खणायचे, खडक फोडून रस्ता करायचा. बसऱ्याकडे यांनी तेच केलं. गावातली माणसं डोळे मोठे करून विचारत, "नाईक, कितला माणसं मारात?" हे सांगत, "माणूस एक बी नही. दगड मात्र लई मारात." विचारणाऱ्याचा चेहरा उतरे. लढाईची गोष्ट ऐकायला आलेल्या माणसाला दगडाची गोष्ट नको असते.

तिकडे एका पुलाच्या कामावर तोफेचा गोळा यांच्या जवळच पडला. अंगाला ओरखडा नाही, पण दोन्ही कानांतून रक्त आलं. एक कान गेला तो गेलाच. दुसऱ्याने भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसं थोडं ऐकू येई, आणि तेही वर्षावर्षाला कमी होत गेलं. हे यांनी घरी कोणाला सांगितलं नाही. पाच फूट दहा इंच उंचीचा, पलटणीचा माणूस, ताठ चालणारा. तो बहिरा आहे असं कोणाच्या मनात येणार? हाक मारली आणि यांनी वळून पाहिलं नाही, तर लोक म्हणत, पलटणीची ऐट आहे.

मलाही लग्नानंतर पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. मी इतकी हळू बोलते की यांना वाटे, बायको मुकी नसली तरी फार कमी बोलणारी मिळाली. मला वाटे, हे माझं ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मी मनातल्या मनात रुसत असे, आणि यांना रुसवाही ऐकू येत नसे. असं आमचं वर्षभर शांततेत चाललं होतं.

पलटणीतून आल्यावर यांनी विहिरींचं काम धरलं. आमच्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरूम संपला की काळा फत्तर. मुरुमापर्यंत कुदळीने जाता येतं. फत्तर लागला की सुरुंगाशिवाय इलाज नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन माणसं पहारीने खडकात हातभर खोल भोक पाडतात. एक पहार धरून फिरवतो, दुसरा घण घालतो. भोक कोरडं करून त्यात दारू भरायची, वात सोडायची, वर विटेचा चुरा आणि माती ठासायची. ठासायला लाकडाचाच दांडा लागतो. लोखंडाने ठिणगी पडली तर ठासणारा राहत नाही. अशी चार-पाच भोकं भरली की बाकी सगळे वर येतात. वाती मुद्दाम लहानमोठ्या कापलेल्या असतात, म्हणजे सुरुंग एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. वाती पेटवणारा शेवटी राहतो. तो पेटवून दोराच्या फासात बसतो, वरची माणसं रहाटावर त्याला भराभर ओढून घेतात, आणि सगळे पळून आडोशाला जातात.

या धंद्यातली मुख्य गोष्ट मोजणी. पाच पेटवले आणि पाच उडाले तर खाली जायचं. पाच पेटवले आणि चारच उडाले, तर पाचवा खाली दबा धरून बसलेला असतो. वात ओली असली तर तो थांबून थांबून उडतो. माणसं मरतात ती अशा राहिलेल्या सुरुंगाने. आणि ही मोजणी ज्याने करायची, त्या माझ्या नवऱ्याला ऐकू येत नव्हतं.

हे म्हणत, "माले पायसले समजस." धक्का जमिनीतून पायांना कळतो, हे खरं आहे. पण दोन सुरुंग लागोपाठ उडाले तर पायांना एकच कळतो, आणि कधी वरून मोठी दरड पडली तर तीही सुरुंगासारखीच कळते.

चोपड्याकडे एका केळीवाल्याच्या विहिरीवर मी भाकरी घेऊन गेले होते. पाच सुरुंग भरलेत हे माणसांच्या बोलण्यात कानावर आलं होतं. आवाज झाले, हे आडोशातून निघाले आणि काठाकडे चालू लागले. मी आपली मनात म्हणत होते की चार झाले, हे पाचव्यासाठी थांबत का नाहीत? काठ चार पावलांवर राहिला आणि पाचवा उडाला. एक दगड यांच्या पागोट्यावरून गेला. हे जागच्या जागी उभे राहिले. मग माझ्याकडे आले आणि जेवायला बसले. मी भाकरी वाढता वाढता विचारलं. ऐकू गेलं नाही. मग मी चार बोटं दाखवली, आणि थोड्या वेळाने पाचवं.

हातातला घास खाली ठेवून हे माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुले आयकू उनं?"

त्या दुपारी यांनी मला सगळं सांगितलं. पूल, गोळा, रक्त, सगळं. वर म्हणाले, "हाई कोणले सांगू नको. बहिरा माणूसना हातमा दारू कोण देई?"

त्यात काही खोटं नव्हतं. म्हणून आम्ही एक युक्ती काढली. मी रोज कामावर यायचं. विहिरीपासून लांब, पण यांना दिसेन अशा झाडाखाली पाण्याने भरलेली कळशी घेऊन बसायचं. मोजणी मी करायची. सगळे उडाले की कळशी उचलून यांना पाणी नेऊन द्यायचं. एक जरी राहिला तर जागचं हलायचं नाही. पाणी आलं की उतरायचं, नाही आलं तर थांबायचं. हा आमचा हुकूम.

कोणाला संशय आला नाही. उलट माझं कौतुकच झालं. धूर विरतो न विरतो तोच बायको नवऱ्यासाठी पाणी घेऊन जाते, हे पाहून गावोगावच्या सासवा आपल्या सुनांना माझं उदाहरण देत. त्या सुनांनी मला किती शिव्या दिल्या असतील, देव जाणे.

हळूहळू माझे कान तयार झाले. सुरुंगाने दगड नीट फोडला तर आवाज जड आणि बसका येतो. दारू भोकातून वरच्या वर उडून गेली तर फट् असा पोकळ आवाज होतो. तेव्हा समजायचं की ते भोक वाया गेलं. खोल विहिरीत समोरच्या भिंतीवरून आवाज परत येतो, तो धरायचा नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. चार माणसांत न बोलणारी बाई दुसरं काय करणार, ऐकतच असते.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची भेटली. एका सावकाराची म्हैस नुकतीच व्याली होती. तो रोज येऊन यांना सांगे, "नाईक, जरा हळू उडवा." सुरुंग हळू कसा उडवायचा? हे मान डोलावत. एक तर यांना ऐकू आलेलं नसे, आणि आलं असतं तरी दुसरं काय करणार. शेवटी सावकार म्हणाला की नाईकांनी हळू उडवले म्हणून म्हैस दूध देते आहे, आणि खूश होऊन त्याने खरवस पाठवला. दुसऱ्या एका शेतकऱ्याने, पाणी कुठे लागेल ते सांगणाऱ्या पाणाड्याचं ऐकून, हट्ट धरला की वात पूर्वेकडे तोंड करूनच पेटवायची. हे विहिरीच्या तळाशी. तिथे पूर्व कुठली ते वरून तो ओरडून सांगे, आणि हे आपल्या सोयीने पेटवून वर येत. वर आल्यावर तो समाधानाने म्हणे, "पलटणना माणूस, हुकूम बरोबर पाळस."

आता ज्या विहिरीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते.

पारोळ्याच्या पलीकडे बोरी नदीच्या बाजूला एक गाव आहे. आज आम्ही तिथेच राहतो. तेव्हा गावात पिण्याच्या पाण्याची विहीर नव्हती. उन्हाळ्यात बायका नदीच्या कोरड्या पात्रात झिरे उकरून वाटी-वाटीने पाणी भरत. गावच्या पाटलांनी, त्यांना सगळे आबा म्हणत, गावासाठी विहीर काढायचं मनावर घेतलं. त्याआधी दुसऱ्या कोणी सुरू केलेली विहीर फत्तर लागल्यावर अर्धी सोडून दिलेली होती. आबांनी नाईकांना बोलावलं.

रहाटावर पारोळ्याचे गुलाबभाई होते. आमच्या बहुतेक विहिरींवर रहाट त्यांचाच. पहारींना धारही तेच लावत. बोलके आणि थट्टेखोर. एवढी वर्षं बरोबर काम करून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते मला लांबूनच म्हणत, "भाभी, नाईकले पानी, आम्हले निसता धूर."

मला तेव्हा सातवा महिना होता. पाय सुजत. पण कळशी दुसऱ्या कोणाकडे देता येण्यासारखी नव्हती, म्हणून मी रोज जाऊन लिंबाखाली बसे. या गावात बसायला सोबतही मिळाली. पाणी बायकांसाठी होतं, म्हणून बायका काम बघायला येत. पाटलांची आई, अक्का, तर रोज यायच्या. साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. माझ्या तोंडून शब्द निघत नाही हे त्यांना दोन दिवसांत कळलं, आणि आमच्या दोघींच्या वाटचं त्या एकट्याच बोलू लागल्या.

त्या दिवशी पाच सुरुंग भरले होते. नाईक पेटवून वर आले, सगळे आडोशाला गेले. पहिला, दुसरा, तिसरा नीट उडाले. तिसऱ्याबरोबर मोठी दरड कोसळली. मग चौथा. मी पाचव्यासाठी कान लावून बसले. तो येईना.

पलीकडे माणसं आडोशातून निघाली. ती कधी मोजत नसत. पलटणीचा माणूस मोजतो आहे, आपण कशाला मोजायचं. नाईकही आडोशाशी उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. ते थांबले. सगळं आमच्या हुकमाप्रमाणे चाललं होतं.

तेवढ्यात, सगळे उडाले असं समजून अक्का उठल्या. "उडी गयात बठ्ठा. तू बस पोरी, या पायसवर कोठे चालनी? आज मी नेस पानी."

मी म्हटलं, "राहू द्या अक्का."

आपल्याकडे कोणी हातातलं ओझं घ्यायला आलं की बाई 'राहू द्या' म्हणतेच, आणि समोरची ते ओझं घेतेच. अक्कांनी कळशी कमरेवर घेतली आणि त्या चालू लागल्या. मी उठायला गेले तर एका बाईने मायेने मला खाली बसवलं. "बस वं, अक्का जाई ऱ्हायन्यात ना." मी दोनदा म्हटलं, "नको, नको." माझा आवाज माझ्या पदराबाहेर गेला नाही.

नाईकांनी कळशी येताना पाहिली. माझ्याऐवजी अक्का आल्या त्याचं त्यांना काही वाटलं नसावं. मी अवघडलेली, म्हणून दुसऱ्या बाईजवळ पाणी दिलं, असंच कोणालाही वाटलं असतं. पाणी म्हणजे उतरायचं. ते दोन घोट प्यायले, काठाशी जाऊन दोराच्या फासात बसले, आणि गुलाबभाईंचा रहाट फिरायला लागला. बघता बघता नाईकांचं पागोटं काठाखाली गेलं.

मी कशी उठले ते मला माहीत नाही. पदर डोक्यावरून पडला तो उचलायला हात गेला नाही. हाक मारायला तोंड उघडलं आणि तेव्हा ध्यानात आलं की ज्यांना हाक मारायची त्यांना ती ऐकूच जाणार नाही. गावाला ऐकू जाईल, एकट्या त्यांनाच जाणार नाही. आणि गावाला जे ऐकू जायला नको म्हणून इतकी वर्षं कळशी उचलली, तेच आता मला ओरडून सांगायचं होतं.

मी ओरडले, "गुलाबभाई, रहाट थांबवा! एक राहिलाय. त्यांना वर घ्या, त्यांना ऐकू येत नाही!"

एवढा आवाज माझ्या अंगात होता हे मलाच नवीन होतं. लिंबावरचे पक्षी उडाले. गुलाबभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता रहाट उलटा फिरवला.

नाईक वर आले ते रागावलेले. खाली सोडायचा हुकूम दिलेला असताना दोर वर का ओढला म्हणून गुलाबभाईंवर डाफरायला लागले. मी धापा टाकत पोचले आणि चार बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली. "पाच. माले पायसले समजनं." मी पुन्हा चार दाखवली. दरड पडली ते हाताने दाखवलं. सगळा गाव बघत होता. आबा पाटील मध्ये आले आणि म्हणाले, "बाई घाबरनी शे. असा टायमाले व्हस असं." दोन-तीन माणसं हसलीही. नाईकांना ते हसणं दिसलं. सगळ्यांसमोर बायकोने आपल्याला खोटं पाडलं, एवढंच त्यांना त्या वेळी कळत होतं. ते पुन्हा फासाकडे वळले.

मी दोर धरला. दोन्ही हातांनी धरला आणि तिथेच काठावर बसले. माझ्या पोटाकडे पाहून मला ओढायला कोणी पुढे येईना. बोलायचं जे होतं ते बोलून झालं होतं, आता फक्त बसायचं होतं, आणि बसणं मला येत होतं.

गुलाबभाई धावत आले. "भाभी, आठे नका बसू. दोर घ्या हातमा, पन तठे झाडखाले बसा." मग त्यांनी दोरच रहाटावरून सोडवून माझ्याबरोबर लिंबाखाली आणून टाकला आणि आबांना म्हणाले, "आबा, एक बिडी ओढी लेऊ द्या. मंग उतरू."

दोरच नाही म्हणून नाईक आणि बाकीची माणसंही झाडाकडे आली. बिडी अर्धीच झाली होती. पाचवा उडाला. जमीन हलली, विहिरीतून धूर आणि दगड वर आले, आणि एक धोंडा रहाटाच्या खांबावर बसून खांब मोडला. मग अक्का कळशी घेऊन माझ्याजवळ आल्या, ती माझ्या पुढ्यात ठेवली, आणि मागे सरून तिला हात जोडले.

नाईकांचा जीव वाचला, पण गुपित फुटलं होतं. संध्याकाळी त्यांनी पहारी गोळा केल्या आणि ट्रंक बांधायला घेतली. मला म्हणाले, "बठ्ठा गावमा दवंडी दिनी तू." मी उत्तर दिलं नाही. दिलं तरी ऐकू गेलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर बैठक बसली. आबांचं म्हणणं सरळ होतं: माणूस चांगला, काम चांगलं, पण बहिऱ्याच्या हातात गावाने दारू द्यावी कशी? दुसरा सुरुंगवाला बोलवावा.

गुलाबभाई म्हणाले, "बोलवा. त्याले दुसरा रहाट बी बोलवा."

बायका चावडीत येत नसत. आम्ही बाहेर भिंतीशी उभ्या होतो. अक्का मात्र सरळ आत गेल्या.

"आबा, तू कोणले बहिरा म्हणस? काल तुना दोन्ही कान धड व्हतात. कितला आयकात तू?"

आबा बोटांवर मोजायला लागले.

"या गावना बठ्ठा कान धड व्हतात, आनि बठ्ठा गाव म्हने, पाच उडनात. नाईकना कान त्याना डोकाले नही शेत, त्याना घरमा शेत. येवढाच फरक. चूक व्हयनी ती मनी. तिनी कळशी मी उचलनी."

आबांनी थोडा विचार केला. मग ते म्हणाले की ठीक आहे, नाईकच विहीर पुरी करतील, पण आता लपवाछपवी नको. बाई सगळ्यांसमोर बसेल, आणि तिने सांगितल्याशिवाय कोणी पाय हलवणार नाही. "बाई, जोरमा सांगशात ना?" त्यांनी मला बाहेर येऊन विचारलं.

माझा आवाज पुन्हा गेला होता. मी कळशीकडे बोट दाखवलं.

आबा हसले. "बरं. कळशी."

नाईकांना हे सगळं गुलाबभाईंनी कानाशी ओरडून सांगितलं. ट्रंकेचा दोर सोडायला त्यांनी पुष्कळ वेळ लावला. पण दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा लिंबाखाली एक सपाट दगड मांडलेला होता, बसायला, आणि त्याच्याजवळ कळशीसाठी दुसरा लहान. नाईक म्हणाले, "पलटणमा पहारावर संत्री ऱ्हास. तो जागा सोडस नही, कोणी बी सांगो. हाई तुनं ठाणं." मग माझ्यासमोर टाच जुळवून त्यांनी सलाम ठोकला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी खाली बघत बसले, पण त्या दिवशी पाठ ताठ होती.

थोड्याच दिवसांनी फत्तराच्या एका चिरेतून पाणी आलं. पहिल्यांदा ओल, मग करंगळीएवढी धार, आणि संध्याकाळी खालची माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून वर ओरडत होती. पूजेच्या दिवशी गावाने नाईकांना पागोटं बांधलं. विहिरीतलं पहिलं पाणी काढायचा मान पाटलांच्या घरचा, म्हणजे अक्कांचा. अक्कांनी घागर बाजूला सारली आणि माझी कळशी मागितली. हात लावायच्या आधी मला विचारलं, "आते उचलू का?"

त्यानंतर काम सांगायला माणसं येत ती विचारत, "नाईक आनि बाई, दोन्ही येतीन ना?" पारोळा, चोपडा, धुळ्याची बाजू, आम्ही खूप हिंडलो. किती विहिरी झाल्या ते मी मोजलं नाही. मी सुरुंग मोजत होते. यांच्या हाताखाली एकही माणूस दगावला नाही. हे लिहिताना मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही. वाईट एवढंच वाटतं की यांनी लढाईवरून येताच कोणाला तरी सांगितलं असतं, तर इतकी वर्षं मान ताठ ठेवायचे कष्ट पडले नसते. दुसऱ्या लढाईहून गावातली दोन पोरं परत आली तेव्हा नाईक दोघांच्याही घरी गेले आणि पहिला प्रश्न कानांचाच विचारला.

आता यांना काहीच ऐकू येत नाही. सुरुंगही सोडले. पण यंदा श्रावणात, ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला त्या सकाळी, गावाने ठरवलं की झेंडा चढवायच्या आधी उखळी बार उडवायचे. उखळी म्हणजे लोखंडी भांडी, त्यांत दारू ठासून बार काढतात. ते भरायला नाईकांशिवाय कोण? विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत त्यांनी पाच उखळी मांडल्या.

मी माझ्या दगडावर जाऊन बसले. अक्का आता नाहीत. आबा काठी टेकून उभे होते, गुलाबभाई पारोळ्याहून मुद्दाम आले होते. शाळेचे मास्तर झेंड्याचा दोर धरून तयार. ते परगावचे, नवीन. नाईकांनी वाती पेटवल्या.

एक. दोन. तीन. चार.

पाचवा येईना. हवेत ओल होती. मास्तर दोर ओढायला निघाले तर आबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मास्तर म्हणाले, "झालं ना?" आबा म्हणाले, "थांबा मास्तर. बाई उठनी नही."

मास्तरांनी मान वळवून पाहिलं. सगळा गाव माझ्याकडे पाहत होता. एवढ्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. नाईक उखळींपासून लांब, माझ्याकडे तोंड करून उभे होते. झेंडा गुंडाळलेला, दोर हातात, आणि सगळे थांबलेले.

पाचवा उडाला. मोठा, जड, भरलेला आवाज. नदीपलीकडून परत आला.

मी उठले. गुडघे लवकर सरळ झाले नाहीत म्हणून एक नवी सून मदतीला पुढे आली आणि तिने कळशीला हात घातला. मागून तीन-चार बायका एकदम म्हणाल्या, "हात नको लावू वं. ती तिनी कळशी शे." तिने चटकन हात मागे घेतला.

कळशी मी उचलली. माणसांनी वाट करून दिली. मी नाईकांपाशी गेले आणि त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते प्यायले, टाच जुळवली, आणि मास्तरांनी दोर ओढला.